मागीलप्रमाणे

पोलीस कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, पूर्वी जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवत. आता तिथे पडद्यांची खोली आहे. एका भिंतीवर बारा पडदे, समोर दोन टेबलं, आणि खिडकीला खिळे मारून ठोकलेलं काळं कापड, कारण बाहेरचा उजेड आत आला की पडद्यावरचा माणूस पुसट होतो. या खोलीत जिने अकरा वर्षं काढली तिला सगळी कचेरी मिनिटबाई म्हणायची. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की मिनिटबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पाठीमागे याहून वाईट नावं पडलेली माणसं त्या कचेरीत पुष्कळ होती.

नोकरीला लागली ती टायपिस्ट म्हणून. जबान्या टाइप करता करता केस पांढरे झाले. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, त्यावर भराभर बोटं चालवणाऱ्या मुली आल्या, आणि हिचं करायचं काय असा प्रश्न पडला. तेव्हाच्या साहेबांनी हिला वर पाठवून दिलं. म्हणाले, "बाई, काही करायचं नाही, नुसतं बसून बघायचंय."

नुसतं बसून बघणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. एका स्कूटरसाठी सहा तास एकच चौक बघायचा. माणसं जातात, येतात, थांबतात, नाक शिंकरतात. आपण बघतोय हे त्यांना माहीत नसतं, आणि आपल्याला हवा असतो त्यांतला एकच. पहिल्या वर्षी तिला घरी गेल्यावरही डोळे मिटले की रहदारी दिसायची. सकाळी खुर्चीत बसली की ती क्षणभर हात जोडायची. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला ऑपरेटर एकदा म्हणाला होता, "बाई, देवाला सांगा, चोर पहिल्याच तासात दाखव." ती म्हणाली, "चोर दाखव म्हणून नाही मागत मी. भलता दाखवू नकोस म्हणते."

आता ते मिनिटबाई नाव कसं पडलं, ते सांगायला हवं. मोठ्या रस्त्यांवरचे सरकारी कॅमेरे सगळे एका घड्याळावर चालतात. पण गुन्हा करणारा काही सरकारी कॅमेऱ्याखाली उभा राहून गुन्हा करत नाही. तो गल्लीत करतो. गल्लीत असतात दुकानांचे कॅमेरे, आणि त्यांचं प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. सलूनवाल्याचं चार मिनिटं मागे, बेकरीचं अकरा मिनिटं पुढे, एका दातांच्या डॉक्टरांचं तर अख्खं एक वर्ष मागे. अशी चार ठिकाणची चित्रं एकापुढे एक लावली की चोर निघायच्या आधी पोचलेला दिसतो. हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या आलं. मग तिने नियम केला की दुकानातून चित्रण आणायला जो शिपाई जाईल त्याने आपला मोबाईल त्या पडद्याशेजारी धरून फोटो काढायचा, दोन्ही वेळा एकाच फोटोत. तो फोटो बघून ती वहीत लिहायची: अमुक दुकान, अमुक तारीख, घड्याळ इतकी मिनिटं पुढे किंवा मागे. त्यावरून तक्ता करायची. कोण, कुठे, किती वाजता, खऱ्या वेळेने.

तो तक्ता पुढे कोर्टात जायला लागला. वकिलांनी सुरुवातीला बोटं घातली, पण एकही मिनिट हललं नाही. होता होता असं झालं की तक्त्याखाली बाईची सही दिसली की समोरचा वकील दुसऱ्या मुद्द्याकडे वळायचा. मोबाईलचे टॉवर, गाड्यांचे नंबर, सगळी माहिती कॉम्प्युटरमधून भसाभस निघायची, नकाशावर रंगीत ठिपके उमटायचे, पण ते ठिपके कोणत्या मिनिटाला बसवायचे ते बाईची वही सांगायची. साध्या दोनशे पानी वह्या. अशा नऊ भरल्या होत्या आणि दहावी संपत आली होती.

नोकरीही संपत आली होती. अडीच महिने राहिले होते. डोळ्यांची एक शस्त्रक्रिया झाली होती, दुसरी निवृत्तीनंतर करायची ठरली होती. घरी नवरा आणि त्याची थोरली विधवा बहीण. नवऱ्याचे गुडघे गेलेले, तो दिवसभर खुर्चीतून खुर्चीत. वन्सं मात्र ठणठणीत, जिभेने तर फारच. मुलगी दूर दिली होती, तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला हिने सुटी काढून जायचं, आणि निवृत्ती झाली की तिघांनी तिच्याकडे जाऊन चांगलं सहा महिने राहायचं, असं ठरलेलं.

"तोवर हिला नातवंड दिसलं म्हणजे मिळवली," वन्सं म्हणायच्या. "सगळ्या गावाचे चोर बघून बघून डोळ्यांच्या खाचा झाल्या."

"तुम्ही दाखवा की मग बोट धरून," ती म्हणायची.

"दाखवीन. पण आधीच सांगते, मी दाखवलेलं मूल नीट बघ. वहीत लिहीत बसू नकोस."

त्या दिवसांत औषधाच्या दुकानाचं ते प्रकरण आलं.

एका तोंडाची गल्ली. आत शेवटाला औषधाचं दुकान. भर दुपारी हेल्मेट घातलेला एक जण आत शिरला, गल्ल्याला हात घातला, औषधवाल्याने मनगट धरलं तेव्हा त्याच्या पोटात सुरा घातला आणि स्कूटरवरून पसार झाला. औषधवाल्याने रक्ताच्या हातांनी फोन लावला तो दोन वाजून एकवीस मिनिटांनी. जीव वाचला, पण त्याला आठवत होतं ते इतकंच: निळं जाकीट.

गल्लीतून बाहेर पडायला वाट एकच, आणि त्या तोंडावर वह्या-पुस्तकांचं दुकान. त्याच्या कॅमेऱ्यात जो येईल जाईल तो सापडणारच. हवालदार चित्रण घेऊन आला आणि टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, "बाई, फोटो काढायचा राहिला. पण हे दुकान आहे तुमच्या वहीत. दोन महिन्यांपूर्वी मीच आणलं होतं की, त्या सायकलचोराच्या वेळी."

तिने पानं उलटली. होतंच. नऊ मिनिटं पुढे. हवालदाराला परत पिटाळायचं म्हणजे तास गेला असता. खालून साहेबांचे फोनवर फोन येत होते, औषधवाला अजून ऑपरेशनच्या टेबलावर होता, आणि तिच्या डाव्या डोळ्यातून सकाळपासून पाणी गळत होतं. तिने वहीत नवी तारीख घातली आणि पुढे लिहिलं: मागीलप्रमाणे.

चित्रणात निळ्या जाकिटाचे दोघे सापडले. पडद्यावरच्या वेळेने पहिला दोन बावीसला बाहेर पडलेला, दुसरा दोन बत्तीसला. नऊ मिनिटं वजा केली की पहिला दोन तेरा, म्हणजे गुन्ह्याच्या आधीच गेलेला. त्याच्या नंबराच्या पाटीवर चिखल फासलेला होता. ते तिने बघितलं आणि सोडून दिलं. दुसरा दोन तेवीस, बरोबर फोनच्या मागोमाग. त्याचा नंबर लख्ख दिसत होता.

पुढचं काम कॉम्प्युटरने तासाभरात केलं. नंबरावरून मालक, मालकावरून मोबाईल, मोबाईलवरून टॉवर. घरोघर पार्सलं पोचवणारा माणूस. त्याचा मोबाईल त्या वेळी त्याच गल्लीत. कंपनीच्या नोंदीत एक पार्सल दोन पाचला दिलेलं, पुढचं दोन अडतीसला. मधली तेहेतीस मिनिटं कुठे होतास, तर म्हणे गल्लीत एका बंद घराच्या पायरीवर बसून डबा खात होतो. कुणी बघितलं? कुणी नाही. संध्याकाळच्या आत तो कोठडीत गेला. साहेब स्वतः जिना चढून वर आले, "बाई, तुम्ही गेल्यावर आमचं कसं व्हायचं," म्हणाले आणि निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांच्या हातून प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या बाकावर एक बाई येऊन बसायला लागली. हातात चष्म्याची डबी. पार्सलवाल्याची बायको. कोठडीत काच नेऊ देत नाहीत म्हणून त्याचा चष्मा काढून तिच्या हाती दिला होता. त्याला चष्म्याशिवाय हातभरावरचं दिसत नाही, एवढं एकच ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मिनिटबाई रोज तिच्यासमोरून जायची. असल्या बायका तिने आयुष्यभर त्या बाकावर बघितल्या होत्या. प्रत्येकीचा नवरा निर्दोषच असतो. तरी ती डबी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

चौथ्या दिवशी दहावी वही संपली. जेवणाच्या सुटीत ती नवी घ्यायला निघाली आणि विशेष काही मनात न ठेवता त्याच दुकानात गेली, कारण तिच्या जाड रेघांच्या वह्या तिथेच मिळत. वहीवाला फडताळातून वही काढत होता. त्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचा छोटा पडदा. तिने सवयीने आधी पडद्याकडे बघितलं, मग मनगटाकडे. मनगटावरचं घड्याळ ती रोज सकाळी कचेरीच्या वेळेशी जुळवून घ्यायची.

पडद्यावर एक बारा. मनगटावर एक बारा.

तिने परत बघितलं. दोन्हीकडे एक तेरा झाले.

"हे घड्याळ..." ती म्हणाली.

वहीवाला हसला. "बघा, आहे की नाही बरोबर? मागच्या वेळी तुम्ही फोनवर केवढं बोललात मला. म्हणे शाळेच्या वह्या विकता आणि दुकानाचं घड्याळ चुकीचं. पोरं काय शिकणार तुमच्याकडून. बाई, लाज वाटली मला. माझी बायकोसुद्धा तुमच्याच बाजूने झाली. त्याच आठवड्यात माणूस बोलावून लावून घेतलं."

"त्याच आठवड्यात?"

"म्हणजे काय. पोलिसांचा शब्द कोण मोडतो."

तिने त्या यंत्रातली नोंद उघडायला लावली. घड्याळ कधी बदललं ते यंत्र आपल्याजवळ लिहून ठेवतं. तारीख होती, वेळ होती. आठ आठवड्यांपूर्वीची. तिने स्वतः सांगितलं होतं, बिचाऱ्याने ऐकलं होतं.

नवी वही तशीच काउंटरवर राहिली. ती बाहेर आली आणि दुकानाच्या कट्ट्यावर बसली. नऊ मिनिटं वजा करायचीच नव्हती. म्हणजे पार्सलवाला बाहेर पडला तो खरोखर दोन बत्तीसला. सुरा मारून अकरा-बारा मिनिटं कुणी गल्लीत बसत नाही. आणि सहा मिनिटांनी, दोन अडतीसला, त्याने पुढचं पार्सल दिलं होतं, जसं तो म्हणाला होता तसंच. आणि दोन बावीसला, फोन लागल्यावर मिनिटाभरात, गेला होता तो चिखलाच्या पाटीवाला. तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तिने हजारदा ऐकली होती. ती आपल्या हातून होईल असं कधी वाटलं नव्हतं.

समोर गल्ली होती. जरा आत, डाव्या हाताला, एक बंद घर, त्याला तीन पायऱ्या, वर झाडाची सावली. डबा खायला बरी जागा होती. कुणाला, तिलाही, तिथवर चालत येऊन बघावंसं वाटलं नव्हतं.

खोटं कशाला सांगा, गप्प बसायचा विचार तिच्या मनात आला. वहीवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. वही तिची, चूक तिची, आणि अडीच महिन्यांनी ती तिथे नसणार होती. कोर्टात पुराव्याअभावी कदाचित सुटेलही तो. ती इतकी दमली होती की हा विचार तिला झोपेसारखा गोड वाटला. मग तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. रोज सकाळी काय मागत होती ते तिला आठवलं, आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

साहेब टेबलाशी उभ्या उभ्याच जेवत होते. तिने सगळं सांगितलं. ते घास हातात तसाच धरून ऐकत राहिले.

"आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो चिखलवाला शोधू. दोन-चार दिवसांत सापडला की याला गुपचूप सोडून देऊ. चौकशीअंती निर्दोष आढळला, एवढंच लिहायचं. तुमचं नाव नाही, वही नाही, काही नाही."

"आणि तोवर हा कुठे झोपणार?"

"चार दिवस झोपला तिथेच."

साहेबांनी घास डब्यात ठेवला. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं त्याने धड सुटी घेतली नव्हती.

"तुम्ही लेखी दिलंत ना," ते हळू आवाजात म्हणाले, "तर उद्यापासून प्रत्येक वकील तुमची वही मागेल. अकरा वर्षांचे तक्ते. त्या प्रशस्तिपत्राचं तर सोडूनच द्या."

"ते मी मागितलं नव्हतं."

"अडीच महिने राहिलेत, बाई."

"म्हणून तर आज सांगते. नंतर सांगायला मी कुठून येऊ?"

साहेबांनी हात धुतले, पुसले, कागद पुढे सरकवला. ती लिहायला बसली. टायपिस्टची सवय, एका दमात लिहून झालं. सही करत होती तेव्हा साहेब म्हणाले, "एक विचारू? असं मागीलप्रमाणे तुम्ही आणखी कितीदा लिहिलंय?"

पेन थांबलं. तिला माहीत नव्हतं.

पार्सलवाला दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला. बायकोने आधी चष्मा पुसला, मग त्याच्या नाकावर नीट बसवला, जसं लहान मुलाला घालतात. मिनिटबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. पुढे होऊन ती म्हणाली, "मिनिटांचा हिशेब माझा चुकला. त्यामुळे तुम्हाला आत राहावं लागलं."

त्याने चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. ही कोण, कसली मिनिटं, त्याला काहीच कळलं नाही. "माझ्या गाडीत पार्सलं आहेत," तो म्हणाला. "सात होती. कुणी पोचवली का?"

"नाही. गाडी मागच्या अंगणात आहे."

"एक औषधाचं होतं. एका म्हाताऱ्यांचं. रोज वाट बघतात ते." एवढं बोलून तो मागच्या अंगणाकडे चालायला लागला. बायको दोन पावलं गेली, थांबली आणि मागे वळून म्हणाली, "माफी मागायला तुम्ही तरी आलात." त्यात आभार नव्हते आणि शापही नव्हता.

चिखलवाला तिसऱ्या दिवशी सापडला. वेळ बरोबर लावल्यावर तो तीन चौक पुढे एका पेट्रोल पंपावर दिसला, नळाखाली पाटी धुताना. धुतल्यावर नंबर आलाच. तो तिनेच शोधला. कुणी शाबासकी दिली नाही, आणि तिनेही मान वर केली नाही, कारण तोवर तिच्या टेबलावर दहाही वह्या उघड्या होत्या.

बोट ठेवून ठेवून तिने एकेक ओळ वाचली होती. अकरा वर्षांत दोन हजारांवर नोंदी, आणि औषधवाल्याचं सोडून आणखी सात ठिकाणी, तिच्याच वळणदार अक्षरात, मागीलप्रमाणे. पहिली पाच वर्षं एकही नाही. सातही नंतरची, डोळे दुखायला लागल्यापासूनची. चार प्रकरणांत घड्याळावर काही अवलंबून नव्हतं. दोघे तर कधीच सुटलेले. उरला एक. घरफोडीतला, दीड वर्ष झालं तुरुंगात होता. दोषी असेलही. बहुधा होताच. पण सलूनचं घड्याळ चार मिनिटं मागे, हे तिने फोटो न बघता लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी घरी तिने त्या तुरुंगातल्याची हकीकत सांगितली आणि म्हणाली की आता निवृत्तीपर्यंत एक दिवसाचीही सुटी नाही. मुलीकडे तुम्ही दोघं पुढे व्हा.

नवऱ्याने फक्त शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. वन्सं मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"बाळ काय तुझ्या साहेबाला विचारून येणार आहे? आणि तो मेला चोरच निघाला तर?"

"तर चोरच म्हणून राहील आत. माझ्या चुकीमुळे नको राहायला."

वन्सं उठून आत गेल्या आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली घेऊन आल्या. "मान वर कर," म्हणाल्या. "दुसऱ्यांचे हिशेब करणारीने स्वतःचं औषध सकाळपासून चुकवलंय." दोन थेंब डावीकडे, दोन उजवीकडे. हात मात्र हलका होता.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर राहिलेली वही आधी ताब्यात घेऊन ती हवालदाराबरोबर त्या सलूनच्या पत्त्यावर गेली. सलून उरलं नव्हतं. तिथे आता चपलांचं दुकान होतं. सलूनवाला कुठे गेला, चपलावाल्याला नीटसं माहीत नव्हतं. बसस्टँडच्या मागे कुठेतरी खुर्ची मांडली असं ऐकलं होतं.

"बाई, जाऊ द्या," हवालदार म्हणाला. "ते यंत्र त्याने कधीच भंगारात घातलं असेल."

"असेल."

"ऊनही फार आहे."

"आहे खरं."

दोघं बसस्टँडकडे निघाली. चार दुकानांत विचारल्यावर पाचव्यात सलूनवाला सापडला, एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत. पूर्वीच्या दुकानातला कॅमेरा? हो, आहे की, तोच वर लावलाय, यंत्रही तेच. घड्याळ? त्याला कोण हात लावतं, साहेब.

तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आकडे हलत होते, धड वाचता येईनात. तिने हवालदाराकडे वळून काही म्हणायच्या आत त्याने खिशातून मोबाईल काढला, पडद्याशेजारी धरला आणि फोटो काढला. मग तोच मोबाईल तिच्या अगदी डोळ्यांजवळ नेला.

"वाचू का मी?" त्याने विचारलं.

"वाच," ती म्हणाली, आणि पिशवीतून नवी वही काढून तिने आधी तारीख घातली.